दाढेसाठी वाढलेला मुक्काम

रविवार, २ मार्च

नोकरीत होते तोवर दैनंदिनी लिहायचे. निवृत्तीनंतर ती सवय सुटली, कारण लिहिण्यासारखं काही घडेनासं झालं. आता आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आले आहे, तेव्हा पुन्हा सुरू करते.

काल संध्याकाळी पोहोचले. चिरंजीव, सूनबाई आणि नात असे तिघंही विमानतळावर आले होते. नातीला सगळे चिमणी म्हणतात. सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत. घर तिसऱ्या मजल्यावर, बैठकीची खोली आणि आत दोन लहान खोल्या. सूनबाई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे घरातल्या बरण्यांवरसुद्धा चिठ्ठ्या. सगळं जागच्या जागी.

चिरंजीवांनी माझ्यासाठी स्वतः चहा केला. कपांसाठी तीन कपाटं उघडली, शेवटी चिमणीने कप काढून दिले. पुरुषांना स्वतःच्या घरातलं काही ठाऊक नसतं, मग देश कुठलाही असो. झोपायला मला एक खोली, दुसरीत सूनबाई आणि चिमणी, आणि चिरंजीव बाहेर सोफ्यावर. का, तर म्हणे कंबर दुखते. मऊ सोफ्यावर कंबर आणखी दुखेल, हे मी नीट समजावलं. "हो आई," म्हणाले आणि सोफ्यावरच झोपले. कपडे सोफ्यामागे बॅगेत. ते लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहेत, सारखं फिरावं लागतं, म्हणून बॅग भरलेलीच असते.

मी इतकी वर्षं परीक्षा केंद्र सांभाळलं. मान न वळवता मागच्या बाकावर काय चाललंय ते मला कळायचं. माझ्या केंद्रावर कुणाची कॉपी खपली नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी लिहून ठेवते, मुलाचा संसार उत्तम चालला आहे.

बुधवार, ५ मार्च

बदाम खाताना उजवीकडची खालची दाढ मोडली. कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं बदाम फुटला, पण तोंडातून निघाला दाढेचा तुकडा आणि त्याला चिकटलेलं जुनं चांदीचं फिलिंग. जीभ सारखी तिथेच जाते. कडा सुरीसारखी लागते.

चिरंजीव म्हणाले, "दुखत नसेल तर घरी परत गेल्यावर बघूया ना? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

सूनबाईने मात्र लगेच डॉक्टरांना फोन लावला. सून असावी तर अशी.

गुरुवार, ६ मार्च

दाताच्या डॉक्टरीणबाई उंच, अबोल, हात मात्र हलका. त्यांना आपली भाषा येत नाही, मला इथली येत नाही. सूनबाई मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती, चिरंजीव दाराशी उभे होते. एका ठिकाणी त्या दोघी बराच वेळ बोलल्या. सूनबाईचा आवाज बारीक झाला, बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं काय म्हणतायत. सूनबाई म्हणाली, "तुमच्या वयाच्या मानाने दात चांगले आहेत."

इतक्या मोठ्या बोलण्याचा एवढासा अर्थ. इथली भाषा फारच पाल्हाळिक दिसते.

तर मामला असा. साधं फिलिंग केलं तर एका बैठकीत काम होतं, पण खड्डा मोठा आहे, ते कितपत टिकेल सांगता येत नाही. दुसरा प्रकार इनले. दाढेचा साचा घ्यायचा, त्यावरून बाहेर कारागिराकडून नेमका तुकडा घडवून आणायचा आणि तो खड्ड्यात चिकटवायचा. पण त्यासाठी दाढेच्या भिंती शाबूत लागतात आणि माझी एक भिंत पडली आहे. म्हणून ऑनले. तोही घडवूनच आणायचा, पण तो आत बसतो आणि शिवाय पडलेल्या भिंतीची जागाही झाकतो. आणि अगदी शेवटचा उपाय कॅप. त्यात उरलेली चांगली दाढही चारी बाजूंनी तासावी लागते. बाईंना ते पटत नाही. जे शाबूत आहे ते शक्यतो ठेवावं, असं त्यांचं मत.

"किती दिवस आहात?" बाईंनी विचारलं.

"वीस तारखेपर्यंत," चिरंजीव आणि सूनबाई एकाच सुरात म्हणाले. इथली भाषा असूनही मला ते समजलं, कारण दोघांनी बोटांनीही दाखवलं. दोघांचं एकमत पाहून बरं वाटलं.

शनिवार, ८ मार्च

घरात दाढेवरून चर्चासत्र. चिरंजीवांचं एकच पालुपद, "आई, साधं फिलिंग करून टाक. एका बैठकीत मोकळी होशील."

मी म्हटलं, "मोकळं व्हायची घाई कुणाला आहे? मी काही गाडी पकडायला निघालेली नाही."

"तसं नाही गं. तुला त्रास नको म्हणून."

धाकट्या बहिणीला फोन केला. तिने कॅप बसवली आहे, म्हणून तिला जगात सगळ्यांनी कॅप बसवावी असं वाटतं. मी तिला इनले आणि ऑनलेमधला फरक सांगितला. ती म्हणाली, "तू परदेशात जाऊन दात बघत बसलीस? मुलाचं घर कसं आहे ते सांग." मी म्हटलं, घर दृष्ट लागण्यासारखं आहे.

दुपारी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दोघं हळू बोलत होते. सूनबाई म्हणाली, "अजून किती दिवस असं?" चिरंजीव म्हणाले, "आता सगळं तिच्या दाढेवर आहे." माझ्या दुखण्याची या दोघांना किती काळजी. मी पाणी न पिताच परतले, डोळे भरून आले होते.

सोमवार, १० मार्च

ऑनले. ठरलं. सोन्याचाही मिळतो, तो म्हणे सर्वांत टिकाऊ. पण जांभई दिली की लोकांना दागिना दिसायचा, म्हणून दाताच्या रंगाचा निवडला. डॉक्टरीणबाईंनी छटांची पट्टी माझ्या दाताला लावून पाहिली. माझी छटा पांढऱ्याच्या बरीच पलीकडची निघाली. चहा.

दाढ साफ केली, साचा घेतला, वर तात्पुरतं काहीतरी लिंपलं. आता खोळंबा असा, की ज्या कारागिराकडून बाई काम करून घेतात तो सुटीवर आहे. तुकडा सत्तावीस तारखेशिवाय येत नाही. बाईंनी सूनबाईला दोनदा विचारलं, फिलिंग चालणार नाही का. सूनबाईने मला विचारलं. मी म्हटलं, "काम करायचं तर पक्कं करायचं. तिकीट पुढे ढकला."

चिरंजीव भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक. लहानपणापासून त्यांना इंजेक्शनची सुई पाहवत नाही.

तिकीट चार एप्रिलचं मिळालं.

गुरुवार, १३ मार्च

तात्पुरतं लिंपलेलं निघू नये म्हणून उजव्या बाजूने चावायचं नाही, चिकट खायचं नाही. बोलतानाही ते निघेल की काय, अशी मला धास्ती. म्हणून कमी बोलते. माझ्या लक्षात आलं, मी गप्प असले की घर फार शांत असतं.

या दोघांकडून शिष्टाचार शिकावेत. "मीठ देतेस का?" "घे ना." "थँक्यू." "सॉरी, तुझा टॉवेल घेतला." "असू दे, हरकत नाही." नवरा-बायको एकमेकांशी इतक्या अदबीने वागताना मी पाहिलेले नाहीत. मी आणि चिमणीचे आजोबा पस्तीस वर्षं एकमेकांवर खेकसत होतो, आणि ते गेले तेव्हा मला खेकसायला कुणी उरलं नाही.

लिफ्टमध्ये तळमजल्यावरच्या बाई भेटल्या. चिरंजीवांना पाहून त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी सूनबाईला मिठी मारली आणि गालाला गाल लावून काहीतरी म्हणाल्या. अभिनंदन असावं. सासू आली म्हणून इथे सुनेचं अभिनंदन करतात हे मला माहीत नव्हतं. सूनबाई कसनुशी हसली.

मंगळवार, १८ मार्च

चिमणीला वाचन शिकवते आहे. हुशार आहे, पण शब्दांत गफलत करते. आज म्हणाली, "आजी, बाबाच्या घरी लिफ्ट नाही. बाबा दुसऱ्यांकडे लिफ्ट बसवतो आणि स्वतः जिन्याने जातो."

मी म्हटलं, "अगं, त्याला ऑफिस म्हणतात."

"नाही, बाबाचं घर. तिथे माझी उशी आहे."

"ऑफिस," मी म्हटलं, "आणि ऑफिसात उशी ठेवू नये, लोक हसतात."

तिने थोडा विचार केला आणि वहीत ऑफिस असं लिहिलं. अक्षर छान आहे.

सोमवार, २४ मार्च

आज जेवताना चिमणीचा हलणारा दात पडला आणि थेट सूपमध्ये गेला. चिरंजीव चमच्याने सूप उपसत होते, सूनबाई हसता हसता खुर्चीवरून घसरली, तिला हसताना पाहून चिरंजीवही हसले. मग एकाएकी दोघं गप्प झाले. सूनबाई उठून भांडी घासायला लागली, जेवण अर्धं टाकून.

माझ्या येण्याने या घरात रंगत आली आहे, हे मला लिहिलंच पाहिजे. आल्यावर दोघं जरा तुटक वाटले होते. आता हसतात. माणसाचं घरात असणं, एवढ्यानेही पुष्कळ होतं. मी एक विचार करते आहे. गुरुवारी दाढ झाली की सांगेन.

गुरुवार, २७ मार्च

आज जसं घडलं तसं लिहिते.

दवाखान्यात जाताना रस्त्यात सूनबाईला माझा बेत सांगितला. म्हटलं, "चार तारखेचं तिकीट रद्दच करून टाकू. राहायची परवानगी वाढवून मिळते असं चिरंजीव मागे म्हणाले होते. मी असले तर चिमणीची शाळा बघेन, तुझा भार हलका होईल. तुमचं इतकं छान चाललंय, मलाही तिकडे एकटीने भिंती बघत बसायला नको." ती काही बोलली नाही. मला वाटलं, आनंदाने.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि जबडा बधिर होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. बाहेर आम्ही दोघीच होतो. सूनबाई समोरच्या झाडाच्या कुंडीकडे बघत म्हणाली, "आई, नाही जमणार."

मी "काय?" म्हटलं. त्याचं "फाय" झालं.

"आम्ही एकत्र राहत नाही. गेल्या ऑगस्टपासून. तो मैदानापलीकडे खोली घेऊन राहतो. तुम्ही येणार म्हणून तीन आठवड्यांसाठी इकडे राहायला आला. मग तुमची दाढ मोडली."

मला पुष्कळ विचारायचं होतं. जीभ तोंडात दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी पडली होती. "फांडन झालं?" असं काहीतरी बाहेर आलं. तिला कळलं.

"नाही. भांडण असतं तर मिटवलं असतं. तो घरी आला की मी कामाला लागायचे, मी मोकळी झाले की तो झोपलेला. मध्ये तो आठ-दहा दिवस कामासाठी बाहेरगावी गेला, आणि मला घरात हलकं वाटायला लागलं. तो परत आल्यावर मी सांगितलं. तर म्हणाला, मलाही तिथे तसंच वाटत होतं. त्या दिवशी आम्ही कितीतरी दिवसांनी एकमेकांशी खरं बोललो."

माझ्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, मला पत्ता नव्हता. तिने बोलता बोलता आपल्या रुमालाने माझी हनुवटी पुसली.

"पण आता तुम्ही..." मी म्हणायचा प्रयत्न केला. हसताना पाहिलंय, असं मला म्हणायचं होतं.

"हा महिना आम्ही फार नीट वागलो, आई. पाहुण्यांसमोर वागतात तसं. त्या दिवशी सूपच्या वेळी मलाही वाटलं, हे असंच का नाही जमलं. पण सतत पाहुणे ठेवून संसार कसा करणार? मला आता ओढवत नाही. रोज सकाळी सोफ्यावरची चादर तुम्ही उठायच्या आत उचलायची, नाश्त्याला हसायचं. आणि चिमणीला वाटायला लागलंय, बाबा परत आला."

"थांगितलं का नाई?"

ती म्हणाली, "तुम्हाला सांगणं सोपं नाही. तुम्ही ऐकून घेत नाही, आई. तुम्ही लगेच उत्तरपत्रिका तपासायला लागता."

तेवढ्यात आतून बोलावलं.

ऑनले बसवताना तोंडात रबराचा पडदा लावतात, दाढ तेवढी बाहेर. तोंड उघडं, बोलणं बंद, डोळ्यांवर दिवा. तसंच पडून राहायचं. इतका वेळ कुणी मला न बोलता पडून राहायला लावलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं. डॉक्टरीणबाई थांबल्या, काहीतरी म्हणाल्या. सूनबाई म्हणाली, "दुखतंय का विचारतायत." मी मानेनेच नाही म्हटलं. बाईंनी सूनबाईकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी या दोघी काय बोलल्या असतील ते मला आत्ता, खुर्चीत पडल्यावर कळलं. बाईंनी तरीही आणखी एक इंजेक्शन दिलं.

शेवटी निळा कागद चावायला दिला, उंच लागत होता तिथे घासलं, पुन्हा चावायला दिला. बरोबर बसला आहे. दाढ कुठे संपते आणि ऑनले कुठे सुरू होतो ते जिभेला कळत नाही. काम पक्कं आहे यात शंका नाही.

शुक्रवार, २८ मार्च

चिरंजीवांना समोर बसवलं. म्हटलं, "मला कधी सांगणार होतास?"

"तू घरी पोहोचल्यावर. फोनवर."

"तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटली, आई." पस्तिशीचा माणूस, टक्कल पडायला लागलेलं, आणि माझ्यापुढे हातात रिकामा कप घेऊन बसलेला. "तू मिटवायला लागली असतीस. तुला नाही म्हणणं मला कधी जमलंय?"

मी मिटवणारच होते. काल रात्रीपासून मनात मुद्दे काढले होते, चिमणीपासून सुरुवात करून. ते बाजूला ठेवले. विचारलं, "जेवतोस का नीट?"

"जेवतो," म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला लहानपणी रडताना नेहमी आधी कारण विचारायचे. आज विचारलं नाही. कारण मला माहीत होतं म्हणून असेल, त्यात माझं फार मोठेपण नाही.

मग आतल्या खोलीत जाऊन सूनबाईला सांगितलं, "आजपासून नाटक बंद. माझं सामान त्याच्या खोलीवर हलव."

ती म्हणाली, "आई, तुम्ही इथे राहिलात तरी चालेल. मी तुम्हाला जा म्हटलं नाही."

"माहीत आहे. पण मी इथे आहे तोवर त्याला सोफ्यावर झोपावं लागेल."

ती उठून माझ्या साड्या घडी करायला लागली. घडी माझ्यापेक्षा चांगली घालते.

रविवार, ३० मार्च

मैदानापलीकडचं घर चौथ्या मजल्यावर, जिन्याने. दोनदा थांबावं लागलं. एक खोली, एक पलंग, खिडकीत तुळस नाही की काही नाही, नुसता रेडिओ. पलंग मला दिला, तो जमिनीवर सतरंजीवर. कंबर कशी आहे विचारलं तर म्हणाला, "कंबर कधीच दुखत नव्हती गं." चिमणीची उशी खरंच आहे. पिवळी.

इथे तो मला थँक्यू म्हणत नाही. सकाळी मी खिडकी उघडली तर म्हणाला, "आई, बंद कर, थंडी वाजते," अगदी खेकसून. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी सूनबाई चिमणीला सोडायला आली. दारातच उभी. मी म्हटलं, "आत ये ना, चहा घे."

"नको, हे त्याचं घर आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "तुमची दाढ कशी आहे?"

"छान. तुझ्यामुळे."

"उजव्या बाजूने खाऊन बघितलंत?"

"नाही अजून. धीर होत नाही."

"बघा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिने मला अजून आई म्हणणं सोडलेलं नाही. पुढे काय म्हणेल, विचारायचं धाडस झालं नाही.

बुधवार, २ एप्रिल

बॅग भरायला घेतली आहे. परवा निघायचं. विमानतळावर तिघंही येणार आहेत, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून.

धाकटीचा फोन आला. तिला सगळं खरं सांगायचं असं ठरवून मी फोन उचलला. तिने आधी तिच्या जावयाच्या नव्या घराचं वर्णन केलं, फरशीपासून. मग म्हणाली, "तुझ्या मुलाचं कसं आहे एकूण? नीट सांगितलंच नाहीस."

मी चिरंजीवांकडे पाहिलं. ते आणि चिमणी जमिनीवर पालथे पडून चित्र रंगवत होते. दोघांनीही मान वर केली नाही, पण दोघांचेही हात थांबले होते.

मी म्हटलं, "चिरंजीवांची इथे दोन घरं आहेत."

"दोन?" धाकटी म्हणाली. "भाग्यवान आहेस बाई. मग एकात तूच का नाही राहत कायमची?"

मी विषय बदलला आणि ऑनले म्हणजे काय, ते तिला पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावून सांगितलं.